दादाची वेगळी चूल

सरकारी कचेरीने मला माझ्या थोरल्या भावाला घरातून वेगळं काढायला लावलं. इतक्या उघड शब्दांत कुणी सांगितलं नाही. कचेरीत उघड शब्दांत कुणीच काही सांगत नाही. पण अर्थ तोच होता आणि तो मला बरोबर समजला, कारण न बोललेला भाव ओळखण्यावरच माझं पोट आहे.

मी शेरडांचा व्यापारी. वेल्ह्याकडच्या डोंगरातल्या एका वाडीवर जन्मलो, डोक्यावर कोंबड्यांची पाटी घेऊन नसरापूरच्या बाजारात उतरलो आणि आज कामथडीच्या बाजूला, हमरस्त्यापासून जवळ माझं सिमेंटचं घर आहे, दारात टेम्पो आहे. यातलं काहीही मला कुणी दिलेलं नाही. घासाघीस केल्याशिवाय मी मीठसुद्धा घेत नाही. माझा आवाज मोठा आहे, तोंड खराब आहे, असं बाजारातले लोक म्हणतात. म्हणू देत. त्याच तोंडाने घर बांधलं.

दादाला फीट येते. मिसरूड फुटायच्या आधीपासून येते. एरवी बघणाऱ्याला तो माझ्याहून धडधाकट दिसतो. रुंद छाती, मोठे पंजे, केस अजून काळे. बोलता बोलता डोळे फिरतात, दातखीळ बसते आणि उभा माणूस कापलेल्या झाडासारखा आडवा होतो. मग आम्ही त्याला कुशीवर करतो, डोकं सांभाळतो आणि वाट बघतो. पूर्वी वाडीवरची माणसं नाकाशी कांदा धरायची. आता गोळ्या आहेत. गोळ्यांनी फीट कमी झाली, गेली नाही.

त्याने काम केलं नाही असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी भांडेन. वरव्याच्या बाजूला एका कारखान्यात लागला होता. मशीनजवळ पडला, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरूनच परत पाठवलं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात भट्टीवर होता, तिथे पडला त्याची खूण अजून कोपरापासून मनगटापर्यंत आहे. रखवालदार झाला, तर रात्रीच्या जागरणाने फीट वाढली. शेवटी मी म्हटलं, माझीच शेरडं राख. भाटघर धरणाच्या पाण्याच्या कडेने चारत होता. पडला तो चिखलात, तोंड पाण्यापासून हातभर लांब. शेरडं घरी आली, दादा आला नाही. त्या दिवसापासून मी त्याला घरी बसवला. बसवला म्हणजे जेवू घातलं, कपडे केले, औषधाला कधी कमी पडू दिलं नाही. हे मी उपकार म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं ते कळावं म्हणून सांगतो.

एकदा बाजारात माझा मोठा सौदा चालला होता. गिऱ्हाइकाचा हात माझ्या हातात, वर टॉवेल टाकलेला, आतून बोटांनी भाव चाललेला. एवढ्यात दादा आला.

“जरा पैसं दे रं.”

“कशाला?” मी विचारलं. मी सगळ्यांनाच विचारतो. बायकोला विचारतो, देवळाच्या वर्गणीला आलेल्यांना विचारतो.

“दाढी करायची व्हती.”

टॉवेलाखालचं गिऱ्हाईक खो खो हसलं. “शेठ, भावाचा बी भाव करता व्हय?”

आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसलो आणि खिशातून पैसे काढून दिले. दादाने घेतले, पण दाढी केली नाही. घरी आल्यावर जेवणाच्या ताटावर तो मला म्हणाला, “मला निराधारचा अर्ज भरून दे.”

“तू निराधार? आन मी काय मेलोय?”

“तू हायस म्हनूनच तर.”

“काय कमी केलं म्या तुला?”

“कायबी न्हाई. तू देतूस. पर आदी इचारतूस, कशाला. सरकार म्हैन्याला टाकतं आन इचारत न्हाई.”

मी ताट तसंच ठेवून उठलो. मला राग आला होता आणि तो बरेच दिवस राहिला. निराधार योजनेतून सरकार महिन्याला देतं तो पगार किती असतो ते मला माहीत होतं. माझ्या एका शेळीच्या सौद्यात त्याहून जास्त इकडचं तिकडं होतं. तेवढ्यासाठी ह्याने माझ्या दारात बसून निराधार म्हणवून घ्यायचं? पण तो पुन्हा काही मागेना. दाढी वाढली, चप्पल तुटली ती त्याने सुतळीने बांधली. मग मीच म्हटलं, चल.

आधी आजाराचा दाखला पाहिजे होता. त्यासाठी पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचं. मी टेम्पो काढला नाही, एसटीने नेलं. टेम्पोतून निराधार माणूस उतरला तर बघणारे काय म्हणतील? रांगेत उभं राहून आमचा नंबर लागला तेव्हा डॉक्टरांनी दादाकडे बघितलं आणि विचारलं, “काय, कसं काय?”

“बरं हाय सायेब,” दादा म्हणाला.

आमच्याकडे तसंच म्हणायचं असतं. मोठ्या माणसाने ‘कसं काय’ विचारलं की, अंगात ताप असला तरी ‘बरं हाय’ म्हणायचं. समोरच्यावर आपलं दुखणं टाकायचं नाही, असं आईने आम्हाला लहानपणी शिकवलं. पण ते काय दवाखान्यात?

“आरं, बरं हाय म्हनाय आलोय का आपुन हितं?” मी ओरडलो. “सायेब, बरा न्हाई त्यो. आत्ता दिसतोय तसा नसतो.”

“आता फीट नाही ना आली?”

“मग काय हुकमावर आनायची? मी शेळी घेतो तर तिचे दात बघतो, कास बघतो, चालवून बघतो, मालकाला चार परश्न इचारतो. तुमी मान्साकडं नुसतं बघून सांगनार?”

डॉक्टर भला होता. हसला. जुन्या चिठ्ठ्या मागवल्या, तपासण्या लिहून दिल्या. बऱ्याच खेपा झाल्या, दाखला मिळाला. घरी येताना एसटीत दादाने तो शर्टाच्या आत, पोटाशी ठेवला होता. मला वाटलं, सौदा झाला.

तालुक्याच्या कचेरीत खिडकीपलीकडच्या बाईंनी दाखला बघितला, तो त्यांना पसंत पडला. मग त्यांनी विचारलं, “राहतात कुणाकडे?”

“माझ्याकडं. मी धाकटा भाऊ.”

“तुम्ही काय करता?”

मी सांगितलं. त्यांनी कागद परत सरकवला. “उत्पन्न कुटुंबाचं धरतात. तुमचं घर आहे, गाडी आहे. ह्यात नाही बसणार.”

“गाडी माझी हाय, बाई. ह्याच्या नावावर कोंबडीचं खुराडं न्हाई.”

“पण एका घरात राहता ना? एका चुलीवर जेवता ना?”

“मग काय रस्त्यावर जेवू घालू?”

“ते मी कसं सांगू? ते विभक्त असते, चूल वेगळी असती, तर गोष्ट वेगळी होती.” आणि मग, आवाज अगदी मऊ करून, “अहो, देवानं एवढं दिलंय तुम्हाला. सख्ख्या भावाचं एवढं करायला काय हरकत आहे?”

देवानं दिलंय! पायात चप्पल नसताना मी मढे घाट चढून कोंबड्या गोळा करायचो, तेव्हा देव कुठे होता ते मला माहीत नाही. आणि करायला हरकत आहे असं कोण म्हणालं? मी करतोच आहे. प्रश्न दादाच्या पोटाचा नव्हताच. त्याचं पोट माझ्या दारात भरत होतं. त्याला दाढीपुरते, चहापुरते, एखाद्या दिवशी भोरला जाऊन यायच्या एसटीपुरते पैसे असे हवे होते, की ज्यांच्यासाठी कुणाच्या तोंडाकडे बघायला लागू नये. एवढी साधी मागणी आणि तिच्या आड मी आलो. मी कंगाल असतो, दारू पीत असतो, घर मोडकं असतं, तर दादाचा पगार कधीच सुरू झाला असता. भाऊ कमावता निघाला हा त्याचा गुन्हा.

परतीच्या वाटेवर माझं डोकं धंद्यासारखं चालायला लागलं. समोरच्याने किंमत सांगितली होती: एक चूल. ठीक. एक चूल देऊ.

घरी सांगितलं तेव्हा बायको उसळली. “त्येंला जाळाजवळ बसवायचं? हात भाजला त्यो इसरला का तुमी? डोकं फिरलंय तुमचं.”

“माझं न्हाई, सरकारचं.”

“दोगांचं बी.”

खरं तर तीच बरोबर बोलत होती. फीट येणाऱ्या माणसाला डॉक्टर दोनच गोष्टी बजावून सांगतात, पाण्यापासून लांब राहा आणि आगीपासून लांब राहा. आणि त्याच माणसाला मदत घ्यायची तर त्याच्यासमोर आग पेटवून दाखवायची, हा नियम कुणी बसून काढला असेल, त्याला मला एकदा बाजारात भेटायचं आहे.

शेवटी बायकोनेच मार्ग काढला. शेरडांच्या गोठ्याला लागून एक मातीची खोली होती, तिला दार वेगळं. तिथे चूल घालायची. पेटवायची तिने, भाकरी थापायची तिने, दादाने उंबऱ्याशी बसायचं. जेवायचं मात्र तिथेच, त्याच चुलीवरचं. मी बांधावरची चांगली माती आणली, तिने चूल घातली. रेशनकार्ड वेगळं केलं. दादाने स्वतः हट्टाने दोन भांडी, मिठाची बरणी आणि चहाचा डबा वेगळा मागून घेतला.

मला वाटलं होतं हे दाखवण्यापुरतं आहे. दादाला तसं वाटलं नाही. काही दिवसांतच तो ‘माझ्या घरी’ म्हणायला लागला. लसूण सोलून ठेवायचा, सरपण वाळत घालायचा, दार लोटून घ्यायचा. एकदा मी त्या दारात जाऊन उभा राहिलो, तर आतून आवाज आला, “कशाला?”

मग तो मोठ्याने हसला. “ये, ये. भात खाऊन जा. माझ्या कार्डावरचा हाय.”

बायको चुलीपाशी बसून पदराआड हसत होती. मी खाल्ला भात. जाड होता.

अर्ज पुन्हा दिला. चौकशीला तलाठी येणार असं कळलं. आमच्याकडे त्यांना भाऊसाहेब म्हणतात. त्यांचा आदल्या दिवशी फोन आला, उद्या येतो म्हणून. मी भाटघरकडे शेरडं बघायला गेलो होतो. परत आलो तेव्हा भाऊसाहेबांची मोटारसायकल दारात उभीच होती आणि ते गोठ्याकडे चालले होते. पोरगेलेसे, चष्मा लावलेले, बोलायला गोड.

मी त्यांच्या मागोमाग खोलीत पाऊल टाकलं. खोली लग्नघरासारखी झाली होती. जमीन सारवलेली, भिंती सारवलेल्या, चुलीवर मातीचा ताजा हात फिरवलेला, तिच्यावर हळदकुंकवाची बोटं. एक काळा डाग कुठे राहिला नव्हता.

भाऊसाहेबांनी वाकून चुलीवरून बोट फिरवलं. बोटाला ओली माती लागली.

“ही कालच घातली वाटतं.”

“न्हाई वो,” दादा म्हणाला, “पावसाळ्यापास्नं हाय.”

“मग काळी कशी नाही?”

बायको पुढे झाली. “म्या सारवली. तुमी पैल्यांदा येनार, तशीच घान ठिवायची व्हय?”

“राख कुठाय?”

“अळवाच्या वाफ्यात टाकली.”

“भिंतीवर धूर दिसत नाही.”

“भिंत बी सारवली की!” तिने अभिमानाने सांगितलं. पाहुणा येणार म्हणून तिने दिवस उगवल्यापासून कंबर मोडून घेतली होती. कुठल्याही घरच्या बाईने तेच केलं असतं. रोज धुराने काळी होणारी चूल परक्या माणसाला दाखवायची तिला लाज वाटली, आणि त्या लाजेत आमचा सगळा पुरावा वाफ्यात गेला.

“आणि स्वयंपाक कोण करतं?” भाऊसाहेबांनी विचारलं.

“मीच. त्येंला फीट येती. जाळाजवळ कसं बसू दिऊ?”

“वहिनी, मग वेगळं काय झालं?”

तिला कळेना. ती माझ्याकडे बघायला लागली. माझं डोकं तापलं.

“भाऊसाएब, मला एक सांगा. त्यानं सोताचा सैपाक सोता केला, तर तुमी म्हननार ह्यो धडधाकट हाय. दुसऱ्यानं करून घातला, तर म्हननार येकत्र हाय. मग त्यानं जेवायचं कसं? तुमी सांगा, तसं जेवतो.”

“काका, नियम मी केलेले नाहीत. मी बघितलं ते लिहिणार.”

“बघितलं काय तुमी? बोट फिरवलं. म्हैनाभर यिऊन बसा हितं, मग लिवा.”

“आवाज चढवू नका.”

“ह्यो आवाज जल्माचाच हाय. लिवा काय लिवायचं ते. आमाला नको तुमचं!”

आणि मी वळून चालायला लागलो. बाजारात मी असाच चालतो. ‘नको’ म्हणायचं, टॉवेल खांद्यावर टाकायचा आणि सावकाश निघायचं, कान मागे ठेवून. थोडं अंतर गेलं की मागून हाक येते, “ओ शेठ, बसा की, काय घाई हाय?” हाक आली नाही तर टेम्पोच्या दारावर हात ठेवायचा. तिथे येतेच. माझ्या सगळ्या धंद्यात ती आली नाही असं क्वचित झालं असेल. त्या दिवशीही मी अंगण ओलांडून टेम्पोपर्यंत गेलो, दारावर हात ठेवला. मागून मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

नामंजुरीचं पत्र आलं, ते दादाने स्वतः वाचलं. कुटुंब एकत्र असल्याचं त्यात होतंच. खाली असंही होतं, की अर्जदाराच्या भावाने अनुदान नको असल्याचं सांगितलं.

“नको कोन म्हनलं?” दादाने विचारलं.

“आरं, ते बोलायची पद्दत आसती. सौद्यात मानूस म्हनतो नको.”

“सौदा कुनाचा व्हता? तुला नको आसंल. मला पायजे व्हतं.”

मी त्याला सांगितलं, तेवढेच पैसे मी तुला दर महिन्याला देतो, एकदाही विचारणार नाही. तो म्हणाला, “तुझं नको.” हे नको बाजारातलं नव्हतं.

त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. मला अजूनही वाटतं, भाऊसाहेबांनी मागे हाक मारायला हवी होती. ज्याच्या हातात द्यायचं आहे त्याने, समोरचा चिडून निघाला तर, एकदा तरी थांबवायचं असतं. एवढी रीत शेरडांच्या बाजाराला आहे आणि कचेरीला नाही.

मग एका सकाळी बायकोची किंकाळी ऐकली. गोठ्याकडून धूर येत होता. धावलो. दार आतून लोटलेलं. ढकललं तर दादा चुलीसमोर एकटा बसला होता आणि ओली बाभळ आत कोंबत होता. खोलीत डोळे उघडवेनात.

“उठ!” मी ओरडलो. “मरायचंय का तुला?”

“वरड. शेरडं बी घाबरत न्हाईत आता तुला.”

“काय चाललंय हे?”

“काळी करतोय. परत येतील तवा दिसू दे. भित काळी हुंदे, आडं काळं हुंदे. सारवायचं न्हाई म्हनावं कुनी.”

मी त्याला बखोटीला धरून बाहेर ओढणार होतो. चुलीला लाथ घालायची, तीन तुकडे करायचे, असंही मनात आलं. त्याचा भाजलेला हात जाळाच्या उजेडात चकाकत होता. मी खाली बसलो. त्याच्या आणि जाळाच्या मध्ये बसलो, पाठ चुलीकडे करून. पाठ भाजत होती. तो पडला असता तर माझ्या अंगावर पडला असता, आगीत नाही.

“कशाला आलास?” त्याने विचारलं. या वेळी तो हसला नाही.

मी हात पुढे करून म्हटलं, “दे ती बाभळ. तुला जमत न्हाई. धूर वर जायला पायजे.”

तिसरा अर्ज दादाने स्वतः दिला. मला त्याने कचेरीच्या पायऱ्यांवर थांबवलं. “तू आत आलास तर भाव करशील,” म्हणाला. मी पायरीवर बसलो, पण कान आत होते. बाई त्याच होत्या. त्यांनी दादाला ओळखलं असावं.

“काय, कसं काय? बरं आहे ना?”



“न्हाई बाई,” दादा म्हणाला. “बरं न्हाई.”

त्याच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मला त्या कचेरीची एकेक खिडकी फोडावीशी वाटली. एका माणसाला दाढीच्या पैशांसाठी एवढं बोलायला लावलं. आईने शिकवलेलं सोडायला लावलं.

आता रोज सकाळी मी आधी त्या खोलीत जातो. दादा चूल पेटवतो आणि मी मध्ये बसतो. चहा तो करतो, त्याच्या डब्यातल्या पुडीचा. बायकोला मी बजावलं आहे, ह्या खोलीला हात लावायचा नाही, दिवाळीला नाही आणि पाहुणा आला तरी नाही. सारं घर ती लख्ख करते, गोठासुद्धा. त्या दारापाशी आली की शेणाची बादली खाली ठेवते आणि मला शिव्या देते. भिंत वरपर्यंत काळी झाली आहे, आढ्याला काजळी लोंबते.

अजून चौकशीला कुणी आलेलं नाही. रस्त्यावर मोटारसायकल वाजली की दादा हातातला कप खाली ठेवतो आणि आधी भिंतीकडे बघतो.